चार वर्षं जावा झाली, आता दुसरी प्रोग्रॅमिंग भाषा शिकू का?

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. इंजिनिअरिंग झाल्यापासून चार वर्षं तू नागपूरच्या मिहानमधल्या एका सर्व्हिस कंपनीत (दुसऱ्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या) आहेस. काम जावा ८, स्प्रिंग (जावाचा तयार सांगाडा, म्हणजे फ्रेमवर्क) आणि ओरॅकल डेटाबेसवर, एका बँकेच्या व्यवहार प्रणालीची देखभाल. पगारवाढ नावापुरती होते. वर्गमित्र पुण्याला गेला, गो ही भाषा शिकला आणि त्याचा पगार जवळपास दुप्पट झाला. इकडे धरमपेठेतला एक क्लास ‘पायथन फुल स्टॅक, नोकरीची हमी’ सांगून मोठी फी मागतोय, आणि शेजारच्या टेबलावरचा मित्र म्हणतो की पुढचा काळ रस्टचा आहे. आईवडील नागपुरात असल्यामुळे शहर सोडायचं नाही. मग पायथन घेऊ, गो घेऊ, रस्ट घेऊ, की जावातच राहू? शेवटी धाकट्या बहिणीचंही विचारलं आहेस. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

आधी उत्तर देतो, कारणं मागून. पुढचे पाच-सहा महिने नवी भाषा घेऊ नकोस. तेवढ्या वेळात जावा ८ वरून जावा २१ वर ये आणि एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) पक्कं कर. मग दुसरी भाषा जरूर घे, गो किंवा पायथन. दोन्हींतली कोणती, हे पुढे तुला कुठलं काम करायचंय त्यावरून ठरेल. क्लासची फी भरू नकोस. रस्ट आत्ता नको.

एक अपवाद आत्ताच सांगून टाकतो. उद्या तुझा मॅनेजर म्हणाला की पायथनच्या एका प्रोजेक्टवर माणूस हवाय, येतोस का, तर माझं हे सगळं बाजूला ठेवून हो म्हण. रोजच्या कामात, डेडलाइन आणि रिव्ह्यूसकट शिकलेली भाषा घरी बसून शिकलेल्या भाषेपेक्षा फार खोल जाते. खालचं सगळं अशी संधी समोर नसताना काय करायचं याबद्दल आहे.

मित्राच्या उदाहरणापासून सुरू करू, कारण मला वाटतं तुला खरी अस्वस्थता त्याच्यामुळे आली आहे. ‘गो शिकला आणि पगार वाढला’ हे तुला दुरून दिसलेलं चित्र आहे. अशा उड्या मी बऱ्याच पाहिल्यात. बहुतेक वेळा त्यात नोकरी बदललेली असते, सर्व्हिस कंपनीतून स्वतःचं प्रॉडक्ट असणाऱ्या कंपनीत गेलेला असतो, आणि मुलाखतीत सिस्टिम डिझाइनच्या (अख्ख्या प्रणालीची रचना मांडण्याच्या) फेरीत तो टिकलेला असतो. गो तिथे वापरतात म्हणून ती त्याच्या बायोडेटात दिसते. त्याला फोन कर आणि नेमकं विचार: किती फेऱ्या झाल्या, त्यात गो भाषेवरचे प्रश्न किती होते, आणि आता दिवसभर तो काय करतो? प्रॉडक्ट कंपन्यांतल्या कोडिंगच्या फेऱ्यांत पुष्कळदा उमेदवाराला हवी ती भाषा वापरू देतात. त्याने त्या फेऱ्या जावात दिल्या असतील तर तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तोच देईल.

मी स्वतः बरीच वर्षं मुलाखती घेतो, नागपुरातल्या टीमसाठीही आणि बाहेरच्या शहरांतल्या टीमसाठीही. चार-पाच वर्षं अनुभवाच्या बायोडेटात पाच-सहा भाषांची रांग असते. मी त्यातली पहिली घेतो आणि खाली उतरत जातो. माझा एक ठरलेला प्रश्न आहे: ग्राहकाच्या खात्यांची यादी दाखवणारं पान उघडायला आठ सेकंद लागतात, कुठून सुरुवात करशील? कच्चा उमेदवार लगेच म्हणतो, कॅशे लावू, म्हणजे आधी आणलेलं उत्तर साठवून ठेवू. पक्का उमेदवार उलट मला विचारतो की हे पान डेटाबेसकडे किती क्वेरी (प्रश्न) पाठवतं. मी सांगतो, मोजून बघ. ५०० खाती आणायला एक क्वेरी गेली, आणि मग प्रत्येक खात्याची शाखा आणायला हायबरनेटने (जावा आणि डेटाबेस जोडणाऱ्या लायब्ररीने) एकेक वेगळी क्वेरी पाठवली. झाल्या ५०१. एका फेरीला १० मिलिसेकंद धरले तरी पाच सेकंद तिथेच गेले. याला एन प्लस वन म्हणतात हे पुष्कळांना पाठ असतं, पण स्वतःच्या प्रोजेक्टचा लॉग उघडून क्वेरी मोजणारे थोडे असतात. ज्याला हे कळलं तो जावात ‘जॉइन फेच’ (सगळं एकाच क्वेरीत आणणं) लिहील, आणि उद्या पायथनच्या जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये गेला तर ‘सिलेक्ट रिलेटेड’ शोधून काढायला त्याला दहा मिनिटं लागतील. ज्याला कळलं नाही, तो हेच ५०१ क्वेरींचं पान तीन भाषांत लिहील.

दुसरा प्रश्न तर तुझ्या कामाच्या अगदी जवळचा आहे. खात्यात १०,००० रुपये आहेत. एकाच क्षणी दोन ठिकाणांहून ७,००० काढायची विनंती येते. दोघांनी शिल्लक वाचली, दोघांना १०,००० दिसले, दोघांनी ‘पुरेसे आहेत’ म्हणून ३,००० शिल्लक लिहिली. बँकेतून १४,००० गेले आणि खात्यात ३,००० उरले. व्यवहार डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शनमध्ये (पूर्ण होईल किंवा अजिबात होणार नाही अशा एकसंध टप्प्यात) होता तरी हे का झालं? एक ट्रान्झॅक्शन दुसऱ्यापासून किती वेगळं ठेवायचं याची मूळ पातळी ओरॅकल आणि पोस्टग्रेएसक्यूएल या दोन्ही डेटाबेसांत ‘रीड कमिटेड’ (पक्कं झालेलं तेवढंच वाचायचं) असते, आणि आधी वाचून मग ॲप्लिकेशनमध्ये हिशेब करून लिहिलं तर ती पातळी या घोटाळ्यापासून वाचवत नाही. उपाय आहेत: ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ने ओळ धरून ठेवणं, आवृत्तीचा कॉलम ठेवून लिहिताना तो तपासणं, किंवा ‘शिल्लक पुरेशी असेल तरच वजा कर’ हे एकाच अपडेटमध्ये डेटाबेसवर सोपवणं. यातला कोणता कधी, आणि पहिल्यात डेडलॉक (दोघांनी एकमेकांची वाट बघत अडकणं) कसा होतो, हे तू फळ्यावर समजावू शकतोस का? चार वर्षं बँकेच्या प्रणालीवर असलेल्या माणसाकडून माझी ही अपेक्षा असते. उत्तर ‘नाही’ असेल तर तुझी पहिली रिकामी जागा इथे आहे, आणि गो शिकून ती भरणार नाही.

एसक्यूएलबद्दल मी इतका आग्रही का, तेही सांगतो. एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेलवरचा मूळ निबंध १९७० मध्ये लिहिला. एसक्यूएलचं पहिलं अमेरिकी मानक १९८६ मध्ये आलं. त्यानंतर किती गोष्टी आल्या आणि गेल्या. व्हिज्युअल बेसिक ६ चा आधार मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये थांबवला. फ्लॅशवर करिअर उभं केलेल्या लोकांसाठी २०२० चा डिसेंबर शेवटचा ठरला. एसक्यूएल आजही तुझ्या प्रोजेक्टमध्ये आहे आणि ज्या प्रोजेक्टमध्ये जाशील तिथेही बहुतेक असेल. एक्झिक्युशन प्लॅन (डेटाबेस क्वेरी कशी चालवणार त्याचा आराखडा) वाचता येणं, इंडेक्स असूनही तो का वापरला गेला नाही हे सांगता येणं, विंडो फंक्शन (शेजारच्या ओळी धरून प्रत्येक ओळीचा हिशेब) सहज लिहिता येणं, या तीन गोष्टी आल्या तर तू बहुसंख्य बॅकएंडवाल्यांच्या (सर्व्हरच्या बाजूचं काम करणाऱ्यांच्या) पुढे गेलास असं मी छातीठोकपणे सांगतो.

आता जावा ८. ही आवृत्ती मार्च २०१४ ची. म्हणजे तू ज्या भाषेला जुनी आणि अडकवणारी म्हणतोयस ती दहा वर्षांपेक्षा जास्त मागे थांबलेली जावा आहे. २०१७ मध्ये जावा ९ आली आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येऊ लागली. दहाव्या आवृत्तीत ‘व्हार’, चौदाव्यात ‘स्विच’चं नवं रूप, सोळाव्यात रेकॉर्ड, सतराव्यात सील्ड क्लास. सप्टेंबर २०२३ मध्ये जावा २१ आली आणि तिच्यात व्हर्च्युअल थ्रेड पक्के झाले. रेकॉर्ड, सील्ड इंटरफेस आणि पॅटर्न मॅचिंग एकत्र वापरून लिहिलेला कोड तुझ्या रोजच्या कोडशेजारी ठेवून बघ. गेटर-सेटरची (नुसतं मूल्य देणाऱ्या-घेणाऱ्या कोडची) पानंच्या पानं निघून जातात, आणि एखादा प्रकार हाताळायचा राहिला तर कंपायलर स्वतः सांगतो.

व्हर्च्युअल थ्रेडवर थोडं थांबतो, कारण तुझ्या गोच्या प्रश्नाचा धागा तिथेच आहे. थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममधला कामाचा एक स्वतंत्र धागा. टॉमकॅट हा जावाचा वेब सर्व्हर, सेटिंग बदललं नाही तर, जास्तीत जास्त २०० थ्रेड ठेवतो. एक विनंती म्हणजे एक थ्रेड. त्या २०० विनंत्या डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत बसल्या की २०१ व्या विनंतीला रांगेत थांबावं लागतं, आणि त्या वेळी प्रोसेसर जवळजवळ रिकामा असतो. थ्रेड वाढवावेत तर प्रत्येक थ्रेड ऑपरेटिंग सिस्टिमचा, स्टॅकसाठी मेमरी राखून ठेवणारा. व्हर्च्युअल थ्रेड वाट बघायला लागला की जेव्हीएम (जावा चालवणारं यंत्र) त्याला बाजूला ठेवतं आणि खालचा खरा थ्रेड दुसऱ्याला देतं. त्यामुळे हजारो विनंत्या एकाच वेळी तगून राहतात. गोमधल्या गोरुटीनमागची (तिथल्या हलक्या थ्रेडमागची) कल्पना मुळात हीच, आणि ती भाषा २००९ मध्ये जाहीर झाली तेव्हापासून तिच्यात आहे. पण पुढचा भाग समजून घेतलेली माणसं मला कमी भेटतात: थ्रेड हजारो झाले तरी डेटाबेसच्या जोडण्या तेवढ्याच राहतात. स्प्रिंग बूटमध्ये (स्प्रिंगच्या झटपट सुरू होणाऱ्या रूपात) जोडण्यांचा साठा, म्हणजे पूल, सांभाळायला नेहमी वापरला जाणारा हिकारीसीपी, सेटिंग बदललं नाही तर, १० जोडण्या ठेवतो. मग रांग टॉमकॅटच्या दाराशी लागण्याऐवजी जोडण्यांच्या पूलपाशी लागते. शिवाय जावा २१ मध्ये ‘सिंक्रोनाइज्ड’ (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या) ब्लॉकच्या आत वाट बघणारा व्हर्च्युअल थ्रेड खालच्या खऱ्या थ्रेडला अडकवून ठेवायचा. ती अडचण जावा २४ मध्ये सुटली. जुने ड्रायव्हर वापरणाऱ्या प्रणालीत याचा प्रत्यक्ष फटका बसतो. एवढं स्वतःच्या लोड टेस्टवर पाहून समजलेला माणूस गोकडे वळला की तिथली सर्वांत अवघड गोष्ट त्याला आधीच ओळखीची वाटते.

आणि या वाटेवर तुझ्यासाठी एक मोठं काम आयतं पडलंय. स्प्रिंग बूट ३ नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. त्याला किमान जावा १७ लागते आणि ‘जावाएक्स’ने सुरू होणारी बरीच पॅकेजं ‘जकार्ता’ झाली. स्प्रिंग बूटच्या जावा ८ वर चालणाऱ्या शेवटच्या, म्हणजे २.७ या आवृत्तीचा मोफत आधार नोव्हेंबर २०२३ मध्ये संपला. म्हणजे जावा ८ वर उभी असलेली तुमची प्रणाली आज ना उद्या हलवावीच लागणार. असं काम अंगावर घ्यायला कुणी सहज तयार होत नाही, कारण त्यात तुटण्यासारखं खूप असतं: जुनी लायब्ररी, रिफ्लेक्शनवर (चालता चालता क्लासच्या आत डोकावण्यावर) चालणारा कोड, टेस्ट नसलेले कोपरे. तू ते मागून घे. मॅनेजरकडे रिकाम्या हाताने जाऊ नकोस. एखादं लहान मॉड्यूल निवड, ते कंपनीच्याच मशिनवर जावा १७ वर चालवून बघ, काय काय मोडलं त्याचं दोन पानांचं टिपण कर आणि ते घेऊन जा. ‘एका बँकेची चालू प्रणाली बंद न पाडता मी जावा ८ वरून १७ वर नेली’ असं जो तपशिलासह सांगू शकतो, त्याची मुलाखत मी ठरलेल्या वेळेपेक्षा लांबवतो, कारण मला ऐकायचं असतं. माझ्या अनुभवात करिअर अशा कामांनी पुढे सरकतं. भाषा त्या कामाच्या ओघात येते.

म्हणून दुसरी भाषा निवडताना आधी काम निवड. डेटाकडे ओढा असेल तर पायथन, आणि तिच्यासोबत एसक्यूएल दुप्पट. स्पार्क हे मोठा डेटा हाताळायचं साधन मुळात स्काला भाषेत लिहिलेलं आहे, पण ते वापरणाऱ्यांतले पुष्कळजण पायथनमधूनच वापरतात. सर्व्हर, क्लाउड, डिप्लॉयमेंट हे आवडत असेल तर गो, कारण डॉकर, कुबरनेटीस, टेराफॉर्म ही सर्व्हरवर सॉफ्टवेअर चढवायची आणि चालवायची साधनं सगळी गोमध्येच लिहिलेली आहेत आणि त्या जगात खोल गेलं की त्यांचा कोड वाचावा लागतो. अँड्रॉइडकडे जायचं असेल तर कॉटलिन, जी गुगलने २०१७ मध्ये अधिकृत केली आणि २०१९ पासून पहिली पसंती ठरवली. जावावाल्याला ती काही आठवड्यांत जमते. फ्रंटएंड (वापरणाऱ्याला दिसणारी बाजू) घ्यायचा असेल तर टाइपस्क्रिप्ट. डॉटनेट आणि सी शार्प तुझ्यासाठी बाजूची खोली आहे. प्रोजेक्ट मिळाला तर जा, मुद्दाम शिकायला बसू नकोस. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या कारखान्यांतल्या ऑटोमेशनचं जग पूर्ण वेगळं आहे, तिथे पीएलसी (यंत्रं चालवणारे छोटे संगणक) आणि त्यांची लॅडर लॉजिक ही भाषा लागते. तुझी पार्श्वभूमी ती नाही.

तू लिहिलंस त्यावरून मला तुझा कल गोकडे दिसतो. व्यवहार प्रणाली, लोड, रात्री बंद पडलेली सेवा सुरू करणं, हे तू रस घेऊन सांगितलंस. तर गोबद्दल थोडं जास्त लिहितो. जावातून जाणाऱ्याला पहिल्या आठवड्यात ती उघडी-बोडकी वाटते. इनहेरिटन्स (एका क्लासने दुसऱ्याचे गुण घेणं) नाही, एक्सेप्शन (चूक झाल्यावर वर फेकला जाणारा इशारा) नाहीत, जेनेरिक्ससुद्धा (अनेक प्रकारांना चालणारा एकच कोड) १.१८ या आवृत्तीत, म्हणजे २०२२ मध्ये आले. प्रत्येक कॉलनंतर एरर आली का ते तपासायचं, ते हात दुखेपर्यंत लिहावं लागतं. पण महिनाभर ते केल्यावर परत आपल्या जावा कोडकडे बघ. कुठे एक्सेप्शन पकडून नुसतीच लॉगमध्ये टाकून दिली आहे, कुठे अर्धा व्यवहार होऊन पुढे गेलाय, हे डोळ्यांत भरायला लागतं. इंटरफेसचंही तसंच. गोमध्ये एखादा प्रकार (टाइप) इंटरफेस, म्हणजे ठरलेल्या मेथडची यादी, पाळतो हे जाहीर करावं लागत नाही, लागणाऱ्या मेथड असल्या की झालं. त्यामुळे इंटरफेस छोटे ठेवायची आणि वापरणाऱ्याच्या बाजूने लिहायची सवय लागते, जी जावातही उपयोगी पडते. धोका एकच: गोमध्ये जावा लिहायचा. ‘ॲबस्ट्रॅक्ट सर्व्हिस फॅक्टरी’ असल्या नावांचा गो कोड मी रिव्ह्यूला पाहतो तेव्हा कळतं की भाषा बदलली आणि माणूस तिथेच राहिला. गोचं व्याकरण तुला तीन-चार आठवड्यांत येईल. ती गोसारखी लिहायला काही महिने आणि कुणा जाणकाराच्या नजरेखालून गेलेला कोड लागेल.

पायथनचं उलट आहे. सुरुवात इतकी सोपी की आली असं लवकर वाटतं. डेटाच्या कामात खरी अडचण व्याकरणाची नसते. जावावाला एकेक ओळ घेऊन लूप फिरवतो, आणि पांडाज किंवा नमपाय या डेटाच्या लायब्ररींमध्ये अख्ख्या कॉलमवर एकदम विचार करावा लागतो. तो बदल झाला नाही तर दहा लाख ओळींवर कोड रांगतो आणि लोक म्हणतात पायथन हळू आहे. टाइप हिंट (कुठलं मूल्य कुठल्या प्रकारचं ते लिहिणं) २०१५ पासून आहेत, त्या पहिल्या दिवसापासून वापर. जावाची तुझी शिस्त तिथे कामाला येईल. आणि चॅटजीपीटीसारख्या एआयच्या भाषा मॉडेलला एक विनंती पाठवून उत्तर छापणारा प्रोग्रॅम लिहिला म्हणजे एआयचं काम आलं असं समजू नकोस. ती विनंती जावातूनही पाठवता येते.

रस्टला मी आत्ता नको म्हटलं ते तिच्याविषयी आदर ठेवूनच. २०१५ मध्ये तिची पहिली स्थिर आवृत्ती आली, आणि डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून लिनक्स कर्नलमध्ये (त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) तिला जागा मिळाली. प्रत्येक मूल्याचा एकच मालक, मालकाची हद्द संपली की मेमरी मोकळी, आणि दोन थ्रेड एकाच वेळी असुरक्षितपणे एकाच गोष्टीला हात लावत असतील तर कंपायलर पुढे जाऊच देत नाही. कचरा, म्हणजे नको झालेली मेमरी, गोळा करणारं यंत्र (गार्बेज कलेक्टर) नाही, तरी सुरक्षितता आहे. फार सुंदर कल्पना आहे. पण गार्बेज कलेक्टरच्या सावलीत चार वर्षं काढलेल्या बॅकएंडवाल्याला ती अंगवळणी पडायला बराच काळ लागतो, आणि नागपूर न सोडता रस्टची पहिली नोकरी मिळवणं तुझ्यासारख्या अनुभवाला अवघड जाईल. आवड म्हणून दोन-तीन वर्षांनी नक्की घे.

एआयच्या साधनांमुळे आता भाषा शिकायची गरजच उरली नाही, असंही तुला कुणीतरी सांगितलं असेल. व्याकरण पाठ असण्याची किंमत घसरली, हे खरं. जावाचा कोड गोमध्ये करून दे म्हटलं की मिनिटात मिळतो. पण त्या कोडात एखादी गोरुटीन अशा चॅनेलवर (गोरुटीनमधल्या निरोपाच्या नळीवर) लिहीत बसलेली असते, जिथून कुणी वाचणारच नाही. ती कधी संपत नाही, अशा हजारो साचत जातात आणि चार दिवसांनी सेवा मेमरी संपून पडते. कोड वाचताना हे ज्याला दिसतं त्याची किंमत वाढली. म्हणून थोडं-थोडं पुष्कळ येण्यापेक्षा एक-दोन भाषांत दोष ओळखण्याइतकी नजर आजच्या घडीला जास्त उपयोगाची आहे.

आता नागपूर. मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, गायत्रीनगरच्या आयटी पार्कात पर्सिस्टंट आहे, त्यांच्या आजूबाजूला लहान-मध्यम कंपन्या आहेत. सर्व्हिस कंपनीत ग्राहक जे वापरतो ती तुमची भाषा, त्यामुळे ‘नागपुरात कशाला मागणी आहे’ याचं उत्तर दर वर्षी थोडं बदलतं. माझ्या शब्दावर जाऊ नकोस, स्वतः मोज. दोन रविवार काढ. नोकरीच्या संकेतस्थळांवर नागपूर आणि घरून काम, अशा दोन्ही प्रकारच्या चाळीसेक जाहिराती, तुझ्या अनुभवाच्या, पूर्ण वाच. वहीत दोन रकाने कर: ‘हवंच’ आणि ‘असल्यास उत्तम’. भाषेसोबत आणखी काय मागितलंय तेही लिही. कुबरनेटीस, काफ्का (सेवांमध्ये निरोप पोचवणारं साधन), क्लाउड, एसक्यूएल ही नावं किती वेळा येतात ते बघ. त्या वहीवरून तुझा निर्णय कुठल्याही सल्ल्यापेक्षा चांगला होईल.

शहर न सोडता पगार वाढवायचा तर बाहेरच्या टीमसाठी घरून काम हा तुझा खरा रस्ता आहे, आणि त्यासाठी एक गोष्ट लागते जिच्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस: इंग्रजीत स्पष्ट लिहिणं. समोर बसून बोलता येत नाही तिथे सगळं लिहूनच होतं. बदल का केला, पर्याय कोणते होते, कुठला सोडला आणि का, हे एका पानात मांडता यायला हवं. जिल्हा परिषदेच्या शाळांतून आलेली, कोडमध्ये अतिशय पक्की मुलं नुसत्या या भीतीने मागे राहिलेली मी पाहिली आहेत, आणि ते मला मनापासून टोचतं, कारण ही भीती सहा महिन्यांत जाण्यासारखी आहे. व्याकरण चुकलं तरी चालतं, विचार सुटा-सुटा हवा. आजपासून प्रत्येक पुल रिक्वेस्टचं (कोडातला बदल तपासायला पाठवायच्या विनंतीचं) वर्णन पाच ओळींचं लिही. गो शिकण्याआधी तुला त्याचाच जास्त फायदा होईल.

क्लासबद्दल दोनच प्रश्न विचार. माझा कोड ओळीन् ओळ कोण वाचणार, आणि त्या व्यक्तीने शेवटचं खऱ्या प्रोजेक्टवर काम कधी केलं? आणि नोकरीची हमी फ्रेशरच्या जागेची की चार वर्षं अनुभवाच्या जागेची? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक तुझ्या कामाचं नसेल. गोची अधिकृत टूर आणि पायथनची अधिकृत शिकवणी दोन्ही मोफत आहेत. त्या पैशांतून लॅपटॉपची मेमरी १६ जीबी करून घे.

सहा महिन्यांनी दुसरी भाषा हातात घेशील तेव्हा सरावाला टू-डू लिस्टचं ॲप बनवत बसू नकोस. तुझ्याच क्षेत्रातलं काहीतरी घे. बँकेची एक सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली फाइल) आणि पेमेंट गेटवेची एक, प्रत्येकी दहा लाख ओळी, दोन्ही जुळवायच्या आणि न जुळलेले व्यवहार कारणासकट बाहेर काढायचे. डेटा स्वतः तयार केलेला बनावट हवा. कंपनीचा कोड किंवा डेटा घरच्या मशिनवर अजिबात आणू नकोस, त्यात नोकरी जाऊ शकते. आधी जावा २१ मध्ये कर, मग गोमध्ये. सुरू व्हायला किती वेळ, मेमरी किती, गोची तयार फाइल केवढी, कुठला कोड सहा महिन्यांनी वाचायला सोपा जाईल, हे नोंदवून ठेव. मुलाखतीत या नोंदी तुला अर्धा तास पुरतील. वेळ सकाळी सहा ते साडेसात ठेव. ऑफिसातून आल्यावर होत नाही, आणि मे महिन्यात तर दुपारनंतर डोकं चालतच नाही. तीन आठवडे सलग तू ते उघडलंच नाहीस तर भाषा बदल किंवा थांब. तो विषय तुला ओढत नाही एवढंच त्याचं कारण असेल.

बहिणीचं उत्तर वेगळं आहे, कारण तिच्याकडे वेळ आहे आणि अजून कुठल्याच कामाचा साचा बसलेला नाही. तिला आधी सी नीट करू दे, परीक्षेपुरती नको. पॉइंटर, मेमरी कुठे मिळते, कधी मोकळी करायची, ॲरे आणि लिंक्ड लिस्ट मेमरीत कशा दिसतात. नंतर जावा किंवा पायथन यांपैकी एकच, आणि डेटा स्ट्रक्चर पूर्णपणे त्याच भाषेत. तिसऱ्या वर्षाआधी एसक्यूएल आणि गिट (कोडातल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन). वर्गातल्या मुलांच्या बायोडेटात सहा भाषा बघून तिने घाबरू नये. वर सांगितलेलं दोन फायली जुळवण्याचं काम तिला सीमध्ये करायला दे, हॅश टेबल (किल्लीवरून मूल्य झटकन शोधायची रचना) स्वतः लिहून. पहिल्यांदा ते सेगमेंटेशन फॉल्टवर (आपली नसलेली मेमरी छेडल्यावर) बंद पडेल. तेव्हा तिला कोड दुरुस्त करून देऊ नकोस, डीबगर (कोड पायरी-पायरीने चालवून चूक शोधायचं साधन) कसा लावायचा तेवढं दाखव.